कव्हर एकाकडे, जाहिरात दुसऱ्याकडे, मग पोस्टर असंच दिसणार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पॉप अल्बमच्या कव्हरांवर जो लेख आला तो वाचला, छान जमलाय, फोटोही नेहमीचेच नव्हते त्यामुळे मजा आली. पण शेवटी शेवटी लेखकानं एक वाक्य टाकलंय की आता सगळे फोनवरच ऐकतात त्यामुळे पॅकेजिंग ही हौशी लोकांची गोष्ट उरली, खरं काम आता जाहिरातीचं. तिथे मात्र माझं डोकं सणकलं. मी हेच काम करते, गायक-गायिकांच्या अल्बमची कव्हरं, आतली बुकलेटं, पोस्टर, होर्डिंग, फोनवर दिसतात त्या उभ्या जाहिराती, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की पॅकेजिंग आणि जाहिरात ही दोन कामं आहेत असं धरलं की तिथूनच घोळ सुरू होतो. ते एकच काम आहे. एका डोक्यातून निघालं पाहिजे, एका वेळी निघालं पाहिजे, आणि गाणी तयार होत असतानाच सुरू झालं पाहिजे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. गाणी रेकॉर्ड झाली, मिक्सिंग चालू आहे, रिलीजची तारीख जाहीर करून टाकली, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे कव्हर राहिलंच. मग फोन येतो, आठवड्यात पाहिजे, फोटो आहेत ना त्या मासिकाच्या शूटमधले, त्यातलाच एखादा घे. गाणी ऐकायला मिळतील का विचारलं तर म्हणतात लीक होतील, दोन ओळीत मूड सांगतो ना. बरं, कसंबसं कव्हर होतं, पसंतही पडतं, आणि तिथून ते जाहिरात एजन्सीकडे जातं. कसं जातं, तर एक सपाट जेपीजी. लेयर (म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर) नाहीत, फॉन्ट नाहीत, रंगांचे नंबर नाहीत, मूळ फोटोसुद्धा नाही. आणि त्या बिचाऱ्या एजन्सीला त्यातून रस्त्यावरचं आडवं होर्डिंग, बसच्या पाठीवरचा पट्टा आणि रीलसाठी उभी जाहिरात काढायची असते. मग ते तरी काय करणार, चौकोन उचलून डावीकडे चिकटवतात, उजवीकडे उरलेल्या जागेत काळं ग्रेडिएंट, त्यावर पिवळ्या जाड अक्षरात ‘आऊट नाऊ’, खाली सगळ्या ॲपचे लोगो. तुम्ही रस्त्यानं जाताना असली होर्डिंगं शेकड्यानं पाहिली असतील आणि एकही आठवत नसेल, त्याचं कारण हे आहे, डिझायनर वाईट असतो म्हणून नाही.

आता जरा इतिहास, कारण लेखात ॲलेक्स स्टाइनवाइसचं नाव आलं पण महत्त्वाची गोष्ट राहिली. १९३९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सनं या तरुणाला नोकरीवर घेतलं ते मुळात जाहिराती आणि दुकानातली मांडणी करायला. त्या काळी ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड सेटमध्ये यायच्या, साध्या राखाडी-तपकिरी पुठ्ठ्यात, कण्यावर म्हणजे कडेच्या अरुंद पट्टीवर नाव छापलेलं, बस. आतल्या आत दुकानदारही त्यांना थडगी म्हणायचे म्हणे. हा माणूस पोस्टर बनवणारा, त्याला वाटलं की बाहेर एवढं रंगीत पोस्टर लावतोय आणि विकायची वस्तू मात्र अशी मेलेली, तर पोस्टरच वस्तूवर का नको. झालं, चित्र असलेलं अल्बम कव्हर तिथून आलं. म्हणजे बघा, कव्हर जन्मालाच आलं ते जाहिरातीच्या टेबलावर. पुढे १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड म्हणजे एलपी आली, बारा इंचाची, आणि डिझायनरला जवळजवळ एक फूट बाय एक फूट जागा मिळाली, जी पुढची पस्तीसेक वर्षं टिकली आणि जिच्या आठवणी काढून आम्ही लोक अजून रडतो.

आणि ती जागा ज्यांनी खरी वापरली त्यांनी जाहिरातीचा विचार आधीच केला होता. पिंक फ्लॉइडचं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सगळ्यांना माहीत आहे, १९७३, हिपग्नोसिस या स्टुडिओचं काम, काळ्यावर प्रिझम आणि रंगांचा पट्टा, पुढच्या बाजूला ना बँडचं नाव ना अल्बमचं. टीशर्टवर पाहून पाहून आता त्याचं काही वाटत नाही, पण मूळ गेटफोल्ड, म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं कव्हर, हातात घेऊन उघडा, तो रंगांचा पट्टा आतल्या पानांवरून पुढे जातो, मधे त्याला हृदयाच्या ठोक्यासारखी लाट आहे, आणि मागच्या बाजूला तो परत दुसऱ्या प्रिझममध्ये शिरतो. याचा अर्थ असा की दुकानदारानं उघडी कव्हरं एकाला एक लावून काचेत मांडली तर पट्टा तुटतच नाही, सगळी काच भरून जाते. वेगळी जाहिरात छापायची गरजच नाही, मालच जाहिरात. आत पोस्टर आणि स्टिकरही घातले होते, म्हणजे घरी गेल्यावर पोराच्या खोलीची भिंतही कामाला लागली. हे नंतर एजन्सीला सुचलेलं नाही, कव्हरच तसं बांधलेलं होतं.

लेखकाला वाटेल हे सगळं जुन्या मोठ्या कव्हरांचं कौतुक झालं, फोनच्या काळात काय. तर मग दोन अलीकडची घेऊ. २०१३ मध्ये गायक डेव्हिड बोवीचा ‘द नेक्स्ट डे’ आला, जोनाथन बार्नब्रूकनं केलेलं कव्हर. बोवीच्याच १९७७च्या ‘हीरोज’चं जुनं कव्हर घेतलं, त्यावरच्या नावावर काट मारली आणि चेहऱ्यावर मधोमध एक पांढरा चौकोन ठेवून दिला, त्यात नवीन नाव. लोक चिडले, आळशीपणा म्हणाले, मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाक मुरडलं होतं. पण त्यातली हुशारी अशी की तो पांढरा चौकोन कुठेही उचलून ठेवता येतो, पोस्टरवर, भिंतीवर, दुसऱ्याच एखाद्या चित्रावर, आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं की ही त्याच अल्बमची जाहिरात. दुसरं उदाहरण तर तुमच्या घरातल्या कुठल्याही कॉलेजवाल्या पोरीला विचारा, २०२४ चं चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचं ‘ब्रॅट’. डोळ्यात जाणारा पोपटीसर हिरवा, वर मधोमध जरा धुरकट ताणलेली साधी अक्षरं, चेहरा नाही, फोटो नाही, काही नाही. रिलीजच्या आधी ब्रुकलिनमध्ये एक भिंत त्या हिरव्यानं रंगवून टाकली आणि त्यावरची अक्षरं बदलत राहिले, लोक ती भिंत बघायला जायला लागले. पुढे लोकांनी स्वतःच त्या हिरव्यावर स्वतःचे शब्द टाकून चित्रं बनवली, आणि त्याच वर्षी जुलैत कमला हॅरिस यांच्या प्रचाराच्या अकाउंटनं तोच हिरवा लावला. आता सांगा, यात पॅकेजिंग कुठे संपलं आणि जाहिरात कुठे सुरू झाली?

माझी स्वतःची एक परीक्षा आहे, क्लायंटला वैताग येतो पण मी ती घेतेच. सगळा सेट टेबलावर मांडायचा, कव्हर, पोस्टर, होर्डिंग, फोनवरची जाहिरात, आणि प्रत्येकावरचं गायकाचं नाव आणि चेहरा कागदानं झाकायचा. तरीही ही सगळी एका घरातली भावंडं दिसली पाहिजेत, चेहरे वेगवेगळे पण नाक तेच. ते नाक काय असेल ते ठरवणं हे खरं डिझाईन. कधी एक रंग असतो, कधी अक्षराचं एक वळण, कधी फोटोतला प्रकाश कुठून येतो तेवढंच, कधी कडेला सोडलेली रिकामी जागा. ते सापडलं की बाकीचं भराभर होतं. आणि ते गाणी ऐकल्याशिवाय सापडत नाही, मूडच्या दोन ओळींवरून तर मुळीच नाही, कारण ‘थोडं डार्क पण फन’ हा मूड मला आजवर प्रत्येकानं सांगितलाय.

चेहऱ्यावरून आठवलं. पॉप गायकाचा चेहरा विकला जातो हे मला मान्य आहे, चेहरा नको असं मी म्हणत नाही. पण फोनवर जे चौकोन दिसतात त्यात ओळीनं दहा चेहरे असतात, सगळे साधारण त्याच अंतरावरून काढलेले, सगळे जरा खालून प्रकाश मारलेले, मग अकरावा चेहरा टाकून काय साधलं. तिथे उलट बियॉन्सेचं २०१३ चं कव्हर घ्या, नुसता काळा चौकोन आणि गुलाबी अक्षरात नाव. ती जगातल्या सगळ्यात सुंदर चेहऱ्यांपैकी एक, आणि कव्हरवर तोच नाही. तो अल्बम कुठलीही आधी जाहिरात न करता एका रात्रीत आणला होता, तेव्हा असं कव्हर पाहिजे होतं जे कुणी कुठेही शेअर केलं तरी कोपऱ्यातून ओळखू येईल. ‘नाव मोठं करा’ हा जो आग्रह असतो ना त्याचंही हेच, प्रत्येक ॲपमध्ये चौकोनाच्या खाली नाव छापलेलंच असतं, मग तेच नाव चौकोनात परत कोंबून चित्र कशाला मारायचं. होर्डिंगवर मात्र नाव मोठं हवं, तिथे माणूस गाडीतून जातोय. इथे लहान तिथे मोठं, हे एकाच माणसानं ठरवलं तरच जमतं.

लेखात आकाराबद्दल असं आलंय की कव्हर हळूहळू लहान होत गेलं. ते खरंय पण लहान करणं म्हणजे मूळ चित्र आकसून टाकणं असं समजून जी माती केली गेली ती तुम्ही कॅसेटच्या काळात पाहिली असेल. चौकोनी चित्र कॅसेटच्या उभ्या पट्टीत बसत नाही, मग वर-खाली रंगीत पट्ट्या मारायच्या. १९८२ पासून सीडी आली, बुकलेट बारा सेंटीमीटरचं, त्यात लोकांनी बारा इंचासाठी लिहिलेली श्रेयनामावली जशीच्या तशी घुसवली, वाचायला भिंग लागायचं. अमेरिकेत तर गंमतच, दुकानातले खण एलपीच्या मापाचे होते म्हणून छोटी सीडी बारा इंच उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकायचे, घरी जाऊन खोकं फेकायचं. कचऱ्यावरून ओरड झाली तेव्हा कुठे १९९३ मध्ये ते बंद झालं. आत्ता फोनसाठी तीन हजार पिक्सेलचा चौकोन मागतात आणि दिसतो तो नखाएवढा. तेव्हा नखाएवढ्यासाठी वेगळं आणि बारा इंचासाठी वेगळं असा विचार करावा लागतो, तपशील मोठ्यात भरायचे, आकार लहानात टिकवायचा.

छपाईचं तर कुणी लिहीतच नाही, म्हणून जरा लिहिते, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. स्क्रीनवर जो झगझगीत हिरवा किंवा गुलाबी दिसतो तो नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत मरतो, मातकट होतो, त्यासाठी वेगळी तयार शाई घ्यावी लागते आणि तिचे पैसे बजेटमध्ये आधी धरावे लागतात. पिन मारलेल्या बुकलेटची पानं चारच्या पटीतच होतात, त्यामुळे ‘अजून एकच फोटो टाक ना’ म्हणजे चार पानं. कण्यावरचं नाव दीड-दोन मिलिमीटर सरकलं तर कपाटात वाकडं दिसतं आणि कपाटात तर फक्त कणाच दिसतो. मॅट लॅमिनेशनवर काळा रंग देखणा दिसतो पण बोटांचे ठसे उमटतात. आणि नुसतं सुंदर असून भागत नाही, वस्तू खोक्यात भरून गावोगाव जाते. रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’ला पँटला असते तशी खरीखुरी चेन लावली होती, अँडी वॉरहॉलची कल्पना, पण गठ्ठ्यात दाबली गेली की चेन वरच्या रेकॉर्डमध्ये रुतायची, गाणं खराब. मग उपाय काय काढला तर माल पाठवतानाच चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे खड्डा पडलाच तर मधल्या कागदी लेबलवर पडेल, खाचांवर नाही. असला उपाय टेबलावर बसून सुचत नाही, गोदामात जावं लागतं. न्यू ऑर्डर या बँडच्या ‘ब्लू मंडे’चं १९८३चं फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं कव्हर, पीटर सॅव्हिलचं, ते इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला अशी कथाच आहे, खरी किती खोटी किती त्यावर भांडणं आहेत, पण आमच्या धंद्यात नव्या पोरांना घाबरवायला ती उपयोगी पडते.

अजून एक भानगड परवानग्यांची. फोटोग्राफरशी करार करताना कव्हरसाठी म्हणून घेतलेला फोटो होर्डिंगवर वापरायचा हक्क आपोआप मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो, फॉन्टचंही तसंच. कव्हर एकाकडे आणि जाहिरात दुसऱ्याकडे असली की हे हमखास राहतं आणि मग रिलीजच्या आदल्या रात्री वकिलांचे फोन. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’साठी १९६७ मध्ये पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी जी गर्दी उभी केली त्यातल्या हयात लोकांना पत्रं पाठवून परवानगी मागावी लागली होती. आणि आपल्या वाचकांना हे आवडेल, त्या गर्दीत गांधीजीही होते, भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीच्या साहेबांनी त्यांना काढायला लावलं. ते ठीकच झालं असं माझं मत.

पॅकेजिंग ही हौशी लोकांची गोष्ट उरली म्हणता तर आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख व्हिनाइल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख, १९८७ नंतर पहिल्यांदा व्हिनाइल नगांमध्ये पुढे गेलं. त्यातल्या कितीतरी लोकांकडे रेकॉर्ड प्लेअर नसेलही, ते वस्तूसाठी घेतात, ऐकायला फोन आहेच. कोरियन पॉपवाल्यांनी तर हे कधीच ओळखलं, फोटोबुक, आत नशिबानं कुठला निघेल तो फोटोकार्ड, एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्या. ते डिझाईन बघून मला हेवा वाटतो आणि त्याच वेळी राग येतो, कारण कार्डासाठी पोरं तोच अल्बम पाच-पाच घेतात आणि सीडी कचऱ्यात. त्यांच्यातच बीटीएसच्या जे-होपनं २०२२ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ सीडीशिवाय आणला, छोटं पाकीट, कार्ड, आणि गाणी ॲपवर कोड स्कॅन करून. ते मला जास्त पटलं. आवृत्त्या वाढवून खप फुगवणं हे डिझायनरच्या गळ्यात मारू नका, रंग बदलून त्याच कव्हरचे सहा प्रकार कर म्हटलं की काम मी करते, घर चालवायचंय, पण त्याला पॅकेजिंगचा विचार म्हणत नाही.

आता तुमच्याकडे येते. गाण्याच्या ॲपमध्ये गीतकार दिसतो, संगीतकार दिसतो, प्रोड्युसर दिसतो, कव्हर कुणी केलं ते सहसा नाहीच. पूर्वी बुकलेटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात का होईना नाव असायचं, ते पानच गेलं. हा रोग जुना आहे म्हणा, १९५९ मध्ये ग्रॅमी पहिल्यांदा दिले तेव्हा उत्तम कव्हरचा ग्रॅमी कुणाला मिळाला, तर खुद्द फ्रँक सिनात्राला, आर्ट डायरेक्टर म्हणून, आणि कव्हरवरचं विदूषकाचं चित्र काढलं होतं निकोलस व्होल्पी या चित्रकारानं. मधली बरीच वर्षं तो पुरस्कार सगळ्या पॅकेजला मिळून होता, २०२६ पासून नुसत्या कव्हरसाठी वेगळा परत आणलाय, म्हणजे तिकडे तरी कुणाला तरी वाटलं की नखाएवढा चौकोनसुद्धा कुणीतरी बसून केलेला असतो.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या अल्बमचं परीक्षण येतं. त्यात कव्हर छापता ते टपाल तिकिटाएवढं, तेही कॉलममध्ये बसवायला वरून-खालून कापून, आणि कोपऱ्यात तुमचे तारे चिकटवलेले. तारे बाहेर घ्या, चौकोन चौकोनच ठेवा, आणि खाली गायकाच्या नावानंतर एक ओळ वाढवा, कव्हर अमुक, फोटो तमुक. नाव सापडलं नाही तर अल्बम काढणाऱ्या कंपनीला मेल टाका, दोन-चार वेळा विचारलं की ते आपोआप पाठवायला लागतील. जाहिरात विभागातल्या लोकांनाही एक विनंती, अल्बमची जाहिरात आली की त्यांच्याकडून सपाट जेपीजी घेऊ नका, लेयरवाली उघडी फाईल मागा आणि ज्यानं कव्हर केलं त्याचा फोन नंबर मागा. तुमचं पान आडवं असतं, आमचा चौकोन तिथे कसा बसवायचा ते आम्हाला विचाराल तर आनंदानं सांगू, पैसेही मागणार नाही. बरं, पैसे कदाचित मागूही.

आपली नियमित वाचक,
एक कव्हर डिझायनर